पाणंदीत मावेल असा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "किती एकर, साहेब?" सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हा प्रश्न सोपा जातो. तो "आठ" म्हणतो, खुर्ची ओढतो आणि त्याच्यासाठी चहा येतो. माझी जमीन कणकवली तालुक्यात. सातबाऱ्यावर ती १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकर. पण हे तीन एकर एका जागी, एका पातळीवर नाहीत. वर सड्याला (कातळाच्या पठाराला) लागून भरड जमीन, मग उतार, उतारावर आजोबांनी लावलेले काजू आणि आंबे, खाली पायऱ्यापायऱ्यांनी कुणगे (भाताचे छोटे तुकडे), त्याखाली व्हाळ, म्हणजे ओढा. प्रत्येक टप्प्याला गडगा, म्हणजे दगडी बांध. आणि या सगळ्यावर गेल्या वीसेक वर्षांचं रान: रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, चिव्याची बेटं आणि कुणी न लावता उगवलेले आकेशिया. मी एवढं सांगेपर्यंत समोरच्या मुलाने 'एक ते पाच एकर' या चौकोनात खूण केली आणि चहा काही सांगितला नाही.

"रान मारूक ट्रॅक्टर कित्याक? ग्रासकटरवालो बोलव," हा सल्ला मला वाडीतल्या प्रत्येकाने दिला. ग्रासकटरवाले आहेत, कामही झकास करतात. फक्त पाऊस सरला की ते सगळ्यांनाच एका वेळी हवे असतात आणि मोठे आंबा बागायतदार त्यांना गणपतीतच धरून ठेवतात. आपला नंबर लागेपर्यंत रानमोडी फुलून, बी उधळून मोकळी झालेली असते. शिवाय ती कापली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. म्हणजे एकदा रान मारून भागत नाही, मारत राहावं लागतं.

कोयता घेऊन मी स्वतःही उतरलो होतो. करवंदीच्या जाळीत हात घातला आणि आतून करकर असा आवाज आला. फुरसं चिडलं की वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, त्याचा तो आवाज. जाळी मी तशीच ठेवली. संध्याकाळी हा प्रसंग बायकोला सांगितला आणि ट्रॅक्टरला तत्त्वतः मान्यता मिळाली.

मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान प्रदर्शनात मी मुद्दाम गेलो. तिथले ट्रॅक्टर इतके चकचकीत असतात की यांना माती लागणार आहे यावर विश्वास बसत नाही. लाल, निळे, हिरवे, नारिंगी. घाटावरच्या घरांमध्ये या रंगांवर निष्ठा असतात. आजोबांनी लाल घेतला तर नातू निळ्याकडे मान वळवत नाही. आमच्या घराण्याची आजवरची सर्वांत मोठी यांत्रिक खरेदी म्हणजे नारळ सोलायचं यंत्र. त्यामुळे मी पूर्ण निष्पक्ष होतो.

छोटा ट्रॅक्टर म्हटलं की विक्रेते द्राक्षं सांगतात.

"सर, हा द्राक्षबागेत दोन ओळींमधून आरामात जातो."

"माझ्याकडे द्राक्षं नाहीत."

"डाळिंबातही जातो."

"कोकणात?"

"कोकणातही जातात, सर."

"कुठे जातात?"

तो जरा थांबला. "जातात," म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. छोट्या ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक नाशिक, सांगली, सोलापूरचं. तिथे सपाट जमिनीवर ओळी आखलेल्या असतात आणि फवारणीचा ब्लोअर ओढत ट्रॅक्टर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातो. माझ्या जमिनीत सरळ अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माड. आणि तोही व्हाळाकडे कललाय.

मग एचपीचा, म्हणजे अश्वशक्तीचा, अभ्यास सुरू झाला. पहिला गट १५ एचपीचा: स्वराज ७१७, महिंद्रा युवराज २१५. एक सिलिंडर, ओढणारी चाकं फक्त मागची, आणि किंमत ऐकून हायसं वाटावं अशी. दुसरा २४ च्या आसपासचा: महिंद्रा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१. चारही चाकं ओढतात, अवजार उचलणारं मागचं हायड्रॉलिक साडेसातशे किलो पेलतं. तिसरा २७-२८ चा: निओस्टार बी २७४१, जॉन डिअर ३०२८ ईएन. एचपी तीन-चारने वाढले की माझी झोप तासभर कमी व्हायची. या वयात लाखांमधल्या तीन-चारचा फरक कळतो, एचपीमधल्या कळत नाही.

नातेवाईक मदतीला धावले. सासरे साताऱ्याकडचे. त्यांच्या मते पन्नासच्या खाली ट्रॅक्टरच नसतो, बाकी सगळी खेळणी. "आणि अॅव्हरेज काय देतो?" त्यांनी विचारलं. ट्रॅक्टरला किलोमीटर नसतात, तास असतात, त्याच्या मीटरवरही तासच चढतात आणि पहिली सर्व्हिसिंगही पन्नास तासांनी असते, असं मी नवीनच शिकलेलं ज्ञान त्यांना दिलं. "मग गाडी नेली कुठे ते कळणार कसं?" ते म्हणाले. न्यू जर्सीतल्या मेहुण्याने त्याच्या गवत कापायच्या गाडीचा फोटो पाठवला. सपाट हिरवळ, त्यावर तो बसलेला, शेजारी कॉफीचा कप ठेवायला खास खाच. "झीरो टर्न घे," त्याने लिहिलं, म्हणजे जागच्या जागी वळणारी तसली गाडी. मी त्याला आमच्या भरडीचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, "जमीन कुठे आहे यात?"

खरं शहाणपण भेटलं ते कुडाळच्या एका गॅरेजात. मेस्त्री पावर टिलर खोलून बसले होते. माझा कागदावरचा तक्ता त्यांनी तेलकट हाताने घेतला, वाचला आणि त्याच कागदाला हात पुसले.

"एचपी कित्याक बघतास? उतारार तो उभो रवतलो की आडो पडतलो, ता बघा."

मग त्यांनी जे सांगितलं ते एकाही माहितीपत्रकात ठळक अक्षरात नव्हतं. उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवायचा नाही, सरळ चढायचं आणि सरळ उतरायचं. पुढची चाकं ओढणारी नसतील तर ओल्या गवतावर तो जागीच भिरभिरतो आणि मग घसरतो. ट्रॅक्टर अरुंद घ्यावा तर तो उलटायला सोपा, रुंद घ्यावा तर पाणंदीत अडकतो. मागे लोखंडी कमान असते, उलटला तर चालक खाली चिरडू नये म्हणून. बागेतल्या फांद्यांना ती अडकते, म्हणून काही ट्रॅक्टरांना ती दुमडायची सोय दिलेली असते. आणि दुमडलेली असताना ती कुणाला वाचवत नाही. "पट्टो बांधूचो तो कमान उभी असताना. दुमडल्यार बांधूचो नाय," मेस्त्री म्हणाले. मी कारण विचारलं. "उडी मारूक गावाक होयी मा?"

पीटीओही तिथेच समजला. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा एक दांडा असतो, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, त्याच्यावर मागची अवजारं चालतात. इंजिन २४ एचपीचं असलं तरी त्या दांड्यापर्यंत फार तर बावीसेक पोचतात, बाकीचे वाटेत जिरतात. माझा पगारही पस्तीस वर्षं असाच हातात आला, त्यामुळे हे लगेच पटलं. रान कापायला लागतो तो स्लॅशर: पोलादी पत्र्याचा पेटारा आणि त्याच्या पोटात आडवी फिरणारी जाड पाती. ढोबळ हिशेब फुटाला पाच एचपी, म्हणजे चार फुटी स्लॅशरला पीटीओवर वीस तरी हवेत. १५ चा गट तिथेच बाद झाला आणि माझं हायसं वाटणंही त्याच्याबरोबर गेलं.

शोरूमवाला मात्र रोटाव्हेटर गळ्यात मारायला बसला होता. "स्लॅशर कोण घेतं, सर? रोटाव्हेटर घ्या, सोबत स्कीम आहे." रोटाव्हेटर म्हणजे माती भुसभुशीत करणारं अवजार, तो मातीत चालतो. माझ्याकडे माती शोधायला आधी रान काढावं लागेल आणि रानाखाली बहुतेक ठिकाणी जांभा आहे. त्यावर पाती आपटली की मातीऐवजी ठिणग्या निघतात. हे मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मग सर, दोन्ही घ्या."

आता रुंदी. चोवीस एचपीचे ट्रॅक्टर साधारण तीन-साडेतीन फूट रुंद. आमची पाणंद दोन्ही बाजूंनी गडग्यांची, बहुतेक ठिकाणी सहा फूट. टेप बायकोने धरली, कारण माझ्या मोजण्यात आशावाद मिसळतो असं तिचं मत आहे. सगळं ठीक होतं, काकांच्या फणसापर्यंत. तिथे पाणंद वळते आणि त्या वळणावर फणसाचा बुंधा गडग्यातून बाहेर येऊन रस्त्यात बसलाय. उरलेली जागा पावणेपाच फूट. ट्रॅक्टर जाईल, मागचा चार फुटी स्लॅशर वळणावर घासेल की नाही हे देव जाणे आणि काका.

काका खळ्यात सुपारी कातरत होते.

"ट्रॅक्टर आण मरे, माझा काय जाता? पण फणसाक धक्को लागता कामा नये. कापो आसा तो."

"बाजूच्या गडग्याचे चार चिरे काढले तर?"

"गडगो वाटपातलो. तुझ्या आत्येक विचार."

आत्या विरारला. तिला फोन केला. तिने ट्रॅक्टरसाठी आनंद व्यक्त केला, चिऱ्यांसाठी आठवडाभर विचार केला आणि शेवटी परवानगी दिली, चार फणस पोचते करण्याच्या अटीवर. फणस काकांचा. त्यांना ही अट मी अजून सांगितलेली नाही.

अनुदानाचं मी थोडक्यात उरकतो, कारण तेही थोडक्यातच उरकलं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की पूर्वसंमती येते, ती आल्यावरच खरेदी करायची. आधी घेतला तर अनुदान गेलं. लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी तेव्हा सव्वा लाखापर्यंत मिळू शकत होते. मला लागत होता सातबारा आणि आठ अ, म्हणजे खात्याचा उतारा. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या सगळ्या फांद्या नांदतात. त्यातले काही वारलेत, एक दुबईला आहे आणि एक नाव कुणाचं हे काकांनाही ठाऊक नाही. मला मिळालेलं उत्तर असं की सगळ्यांची संमतीपत्रं आणा. दुबईवाल्याचं दोन दिवसांत आलं. वारलेल्यांच्या वारसांनी उलट मलाच विचारलं की आपली तिथे जमीन आहे का. तिथे मी थांबलो. या थांबण्यात पावसाळा गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. सरकारी मदतीची वाट पाहून माझा झालेला हा एवढाच फायदा, पण बऱ्यापैकी झाला.

दसऱ्यानंतर चोवीस एचपीचा, चारही चाकं ओढणारा, कमानवाला ट्रॅक्टर आणि चार फुटी स्लॅशर घेतला. रंग सांगत नाही. साताऱ्यात अजून कळलेला नाही. टेम्पोतून तो तिठ्यावर उतरला तेव्हा अख्खी वाडी हजर होती. काकांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा, आज ह्या मुंबयच्या लेकरान जो काय ह्यो ट्रॅक्टर हाडलो हा, तेची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"उतारार चढताना, घाटयेर उतरताना, तेचो तोल सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि जो कोण हो ट्रॅक्टर उसनो मागूक येतलो, तेका डिझेल घालूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

यावर "होय म्हाराजा" जरा विस्कळीत आलं.

फणसाच्या वळणावर चालकाने स्लॅशर उचलून धरला, पुढे-मागे, पुढे-मागे करत ट्रॅक्टर वळवला आणि बुंध्यापासून चार बोटांवरून तो पार झाला. काकांनी झाडाला हात लावून खात्री केली. वर भरडीवर पहिली पट्टी सरळ चढत मारली तेव्हा रानमोडीचा तो उग्र वास सगळ्या वाडीभर सुटला. अंगठ्याएवढी खोडं पटापट तुटत होती. मनगटाएवढ्या आकेशियाला मात्र हात लावायचा नाही, तो आधी कोयत्याने किंवा चेनसॉने पाडायचा, हे मेस्त्रींनी बजावलं होतं. चालकाने ते ऐकलं. मी शिट्टी वाजवत मागून चाललो होतो. फुरशांनी आपापली व्यवस्था करावी म्हणून.

आठवडाभरात वरचा सगळा टप्पा मोकळा झाला आणि गेल्या वीस वर्षांत कुणालाच न दिसलेली एक गोष्ट दिसली: हद्दीचा दगड. तो आमच्या समजुतीतल्या हद्दीपासून बरीच पावलं पलीकडे होता. म्हणजे चुलतभावाच्या काजूंच्या दोन रांगा आमच्यात निघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुसरा दगड सापडला, त्या हिशेबाने आमचा विहिरीचा कोपरा त्याच्यात जात होता. तोवर आमचे संबंध उत्तम होते. रानाखाली काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे भांडायला मुद्दाच नव्हता.

चुलतभाऊ संध्याकाळी टेप घेऊन आला. दोघांनी मिळून मोजलं, दोन वेगवेगळी मापं आली. मग ठरलं की सरकारी मोजणीचा अर्ज टाकायचा, फी निम्मी-निम्मी. बायकोने चहा केला. कप खाली ठेवून तो उठला, गडग्यापलीकडच्या आपल्या रानाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला,

"मोजणीवाले येवच्या आधी माझ्या बाजूचोव रान मारून दी. डिझेल मी घालतंय. म्हणजे मगे नीट भांडूक गावतला."