स्वयंसेवक फुकट मिळतात असे मानणाऱ्या सर्वांसाठी

आज दुपारी एका कंपनीच्या सीएसआर (म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी सांभाळणाऱ्या) विभागातून फोन आला. येत्या शनिवारी त्यांचे चाळीस कर्मचारी ठाण्याच्या लोकमान्यनगरमधल्या आमच्या अभ्यासिकेत तीन तास घालवू इच्छितात, येताना दप्तरे आणि खाऊ आणतील, आम्ही फक्त मुले जमवून ठेवायची, असा प्रस्ताव होता. मी म्हटले, दप्तरे नकोत, स्वयंसेवकांचे काम सांभाळणारी एक व्यक्ती हवी आहे, तिचे वर्षभराचे मानधन द्या. उत्तर आले की पगारासाठी पैसे देणे आमच्या धोरणात बसत नाही, आणि शिवाय प्रशासकीय खर्चावर कायद्याने पाच टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हापासून मन अस्वस्थ आहे, म्हणून लिहिते आहे.

कायद्याचे नाव घेतलेच आहे, तर तो नीट वाचावा. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक उलाढाल, नक्त मूल्य किंवा नफा असलेल्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्यातली पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात धरायचा नाही, असे 2021 च्या सुधारित नियमांत स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे वस्तीत दारोदार फिरून मुले अभ्यासिकेत आणणाऱ्या आणि स्वयंसेवकांना कामाला लावणाऱ्या माणसाचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. तो द्यायचा नसेल तर तसे सांगावे, पण कायद्याच्या आड लपू नये.

हा माणूस म्हणजे काय, हे मला आमच्या ताईमुळे कळले. ती याच वस्तीतली, याच अभ्यासिकेत शिकून बारावी झालेली, आणि पुढे काही वर्षे आमची समन्वयक. कोणत्या घरी आई घरकामाहून किती वाजता परतते, कोणाच्या नळाला कधी पाणी येते, कोणता मुलगा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबतो, हे तिला पाठ होते, त्यामुळे पालकसभा कधी ठेवायची हे आम्ही तिला विचारून ठरवायचो. आठवीतली एक मुलगी अचानक यायची बंद झाली, तेव्हा आम्ही शाळेत चौकशी करत बसलो होतो. ताई तिच्या आजीकडे जाऊन बसली, घरी नेमके काय घडले ते समजून घेतले आणि मुलीला परत घेऊन आली. संस्थेच्या अहवालात ज्याला आम्ही लोकसंपर्क म्हणतो, तो हा होता. त्याआधी वाटलेली पत्रके गटारात पडलेली मी पाहिली आहेत.

स्वयंसेवकांच्या बाबतीतही तेच. नव्याने येणाऱ्याला ती पहिले काही दिवस जुन्या स्वयंसेवकाशेजारी बसवायची, कोणत्या मुलाचे कोणते गणित अडले आहे ते आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर कळवायची, आणि न सांगता गैरहजर राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन करायची. घोडबंदर रस्त्याच्या संकुलांतून येणारे अभियंते, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, असे सगळे तिच्या वहीत नीट मांडलेले असत. सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला 120 तास आणि दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते. हे तास एखाद्या प्रभातफेरीत संपवायचे की एकाच मुलाला वर्षभर वाचायला शिकवण्यात घालवायचे, हे त्यांच्यासाठी कोणी बसून आखते का यावर ठरते. ताई ते आखत होती.

मग देणगी संपली आणि तिने मॉलमधली नोकरी धरली. तिला मी दोष देत नाही, घरभाडे तिलाही चुकलेले नाही. त्या पावसाळ्यात आमचे स्वयंसेवक एकेक करून गळाले. कोणी भांडून गेले नाही. ते येत, आज कोणाला काय शिकवायचे हे सांगणारे कोणी नसे, थोडा वेळ बसून परत जात, आणि पुढच्या वेळी येत नसत. यात त्यांचा काहीही दोष नव्हता, आणि शनिवारी येऊ पाहणाऱ्या त्या चाळीस जणांचाही हेतू चांगलाच असणार, हे मान्य करते. पण तीन तासांत ज्या मुलाचे नाव कळते, त्याला पुढच्या आठवड्यात कोण विचारणार?

भागीदारीची चांगली उदाहरणे आपल्याच शहरात आणि शेजारच्या मुंबईत आहेत. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या साहाय्याने 2016 मध्ये सिग्नल शाळा उभी केली. सिग्नलवर वस्तू विकणारी मुले जिथे राहत होती, तिथेच शाळा गेली. मुंबईत 1995 पासून ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने वस्त्यांतल्याच मुलींना आणि बायांना तयार करून त्यांच्याकडे बालवाड्या सोपवल्या, आणि जागा वस्तीतच शोधल्या. या संस्था मोठ्या आहेत आणि आमची लहान, हे खरे. तरीही कोणाकडे काय आहे हे ओळखून ते जोडण्याचे काम दोन्हीकडे सारखेच आहे, आणि ते करायला पूर्ण वेळ देणारा माणूस लागतो.

याहून जास्त त्रास मला आपल्याच वर्तुळातल्या प्रश्नाचा होतो: पगार घेऊन कसली समाजसेवा? हा प्रश्न बहुतेक वेळा अशी माणसे विचारतात, ज्यांच्या घरात महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो. ज्यांना बिनपगारी काम परवडते त्यांनीच संस्था चालवायच्या, आणि वस्तीतल्या मुलीने मात्र कायम लाभार्थी राहायचे, असा याचा अर्थ होतो. मला तो मान्य नाही.

आता कामाचे. ताईशी परवा बोलले. मॉलमध्ये मिळते तेवढे मानधन वर्षभर निश्चित असेल तर ती परत यायला तयार आहे. एका मोठ्या देणगीदारावर पुन्हा अवलंबून राहायचे नाही, म्हणून दरमहा ठरावीक छोटी रक्कम देणारे अनेक जण हवे आहेत. संस्थेकडे 80जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीसाठीची नोंदणी आहे, पावती मिळेल. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यालय उत्सव सोडून वर्षभर रिकामे असते, ते संध्याकाळी वापरू देण्याबद्दल त्यांच्या पदाधिकाऱ्यांशी रविवारी बैठक आहे. त्यांच्यापैकी कोणाला ओळखत असाल तर आधी एक फोन करा. आणि शिकवायला यायचे असेल तर सध्या गणितासाठी मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, एवढा वेळ लागेल, आणि किमान एक शैक्षणिक वर्ष यावे लागेल.