सात रात्री आणि एक मामेभाऊ

"मॅडम, हे गेस्ट तुमचे कोण?" रिसॉर्टच्या रिसेप्शनवरून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. "मामेभाऊ," मी ठोकून दिलं. "आडनाव?" इथे माझी बोबडी वळली. कारण तो ऑफिसमधल्या मैत्रिणीचा शेजारी होता आणि त्याने मला तीन रात्रींचे पैसे दिले होते.

हो, मी माझं टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहायचं सदस्यत्व, भाड्याने दिलं. पैसे घेऊन दुसऱ्याला राहू देणं नियमात बसत नाही. पण नियमच चुकीचा आहे असं माझं मत आहे.

२००९ मध्ये मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी भरली, 'बक्षीस' घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं ही अट, फुकट जेवण आणि तीन तास डोकं खाणं. बाहेर पडलो ते २५ वर्षांचं सदस्यत्व घेऊनच. वर्षाला सात रात्री. वार्षिक शुल्क वेगळं, त्यावर आता १८ टक्के जीएसटी. जा नाहीतर जाऊ नका, बिल येतंच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ती तीन वर्षं आम्ही कुठे हललो नाही. शुल्क मात्र भरलं, आणि शिल्लक रात्री मुदत संपली म्हणून बुडाल्या. त्याच रिसॉर्टच्या खोल्या कंपनी बाहेरच्यांना रोजच्या भाड्याने देते, ते चालतं!

न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतबहिणीकडे डिस्ने व्हेकेशन क्लबचे, म्हणजे डिस्नेच्या टाइमशेअरचे पॉइंट्स आहेत; तिथे रात्रींऐवजी पॉइंट्स मिळतात. १९९१ पासूनची योजना. जमणार नसेल त्या वर्षी ती पॉइंट्स भाड्याने देते, राजरोस. तिथे मनाई आहे ती धंदा करायला. अर्थात तिच्याकडे रीतसर नोंदलेलं खरेदीखत आहे. माझ्याकडे फक्त वापरायचा हक्क. मला विकताना मात्र "तुमची स्वतःची प्रॉपर्टी" असंच सांगितलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी भोगलीय. दिवाळीचं बुकिंग उघडलं की पाच मिनिटांत सगळं फुल्ल, आणि संध्याकाळी एखाद्या ग्रुपवर त्याच तारखा 'उपलब्ध, इनबॉक्स करा'. आठ-दहा जणांची सदस्यत्वं हाताशी धरून बसलेले हे दलाल. त्यांना खुशाल हाकला. पण त्यांच्यापायी माझ्यासारखीला खोटं का बोलायला लावता?

डिस्नेवाल्यांकडे ज्या रिसॉर्टचं सदस्यत्व घेतलं त्या मूळ रिसॉर्टचं बुकिंग ११ महिने आधी करता येतं, बाकीच्यांचं सात महिने आधी. तसंच काहीतरी इथे करा ना. स्वतः जाणाऱ्यांना खिडकी आधी उघडा, भाड्याने देणाऱ्यांना दोन महिन्यांनी. भाडेकरूचं खरं नाव घ्या, आणि दरवर्षीच्या सात रात्रींपलीकडे कुणालाही एक रात्र देऊ नका. दलालाला यात काय उरतं?

यंदाचं बिल परवाच आलं. नोव्हेंबरमधल्या तीन रात्री शिल्लक आहेत. मामेभाऊ व्हायची कुणाची तयारी असेल तर आडनाव आधी कळवा.