फझलुर रहमान यांना विसरून कसं चालेल?

अकराव्या-बाराव्या शतकातल्या धर्मपंडित गझालीनंतर इस्लामी विद्वत्ता थिजली आणि आधुनिकतेला तिने कधी उत्तरच दिलं नाही, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. कैरोचे मुहम्मद अब्दुह 1899 मध्ये इजिप्तचे मुख्य मुफ्ती, म्हणजे धर्मकायद्यावर मत देणारे सर्वोच्च अधिकारी, झाले, तेच मुळी इज्तिहादचा, म्हणजे धर्मग्रंथांचा स्वतंत्र बुद्धीने नव्याने अर्थ लावण्याचा, आग्रह धरत. आणि पाकिस्तानी विचारवंत फझलुर रहमान! त्यांची पद्धत दुहेरी आहे. आधी कुराणातली आयत (वचन) ज्या परिस्थितीत आली तिथे जायचं, तिच्यामागचं नैतिक तत्त्व शोधायचं, मग ते तत्त्व घेऊन आजच्या प्रश्नाकडे परत यायचं. बहुपत्नीत्वाचंच बघा. कुराणाच्या चौथ्या सुरेत (अध्यायात) परवानगी अनाथांच्या संदर्भात येते, न्यायाच्या अटीवर. पुढे त्याच सुरेत म्हटलंय, बायकांमध्ये समान न्याय तुम्हाला जमणारच नाही. रहमान यांच्या मते कुराणाचा रोख एकपत्नीत्वाकडेच आहे. केवढा धीट आणि तरी श्रद्धेच्या आतून केलेला युक्तिवाद! याची किंमतही त्यांनी मोजली. 1968 मध्ये निदर्शनांमुळे पाकिस्तानातल्या संशोधन संस्थेचं संचालकपद सोडावं लागलं, पुढचं आयुष्य शिकागोत गेलं. तिथे त्यांच्याकडे शिकलेल्या नूरचोलिश मजीद यांनी हा विचार इंडोनेशियात पुढे नेला. लेखकाने पुढच्या भागात या गुरुशिष्यांवर जरूर लिहावं, ही कळकळीची विनंती.