पत्रा

गुडघ्याला पट्टा बांधलेल्या साठीच्या माणसाकडून स्क्वॉशमध्ये हरणं मी पचवलं असतं. पण हरल्यावर गॅलरीतून टाळ्या पडाव्यात आणि त्याही माझ्यासाठी? परवा सांगलीत हे झालं आणि अजून डोकं तापलेलं आहे.

काका बँकेतून निवृत्त झालेत. कोर्टाच्या मध्यावर, त्या 'टी'वर, ठाण मांडतात. मी जीव खाऊन हाणतो. चेंडू समोरच्या भिंतीवरून थेट मागच्या भिंतीवर आपटतो आणि काकांच्या पुढ्यात येऊन पडतो. काका तो समोरच्या भिंतीवरच्या आडव्या रेघेच्या, सर्व्हिस लाइनच्या, वर अलगद टेकवतात. मग तो कडेच्या भिंतीला चिकटून मागच्या कोपऱ्यात जाऊन मरतो. "जोर नको, जागा बघ," वर हे. 9.75 बाय 6.4 मीटरच्या खोलीत मी, काका आणि काकांचं पोट! जागा कुठली बघू?

शिवाय दोन पिवळ्या ठिपक्यांचा तो चेंडू तापल्याशिवाय उसळत नाही. हाणून तापवायचा मी आणि तापलेला वापरायचा काकांनी.

तर परवा जोर आवरला आणि ड्रॉप टाकायला लागलो. समोरच्या भिंतीच्या तळाशी 48 सेंटिमीटरचा पत्रा असतो, त्याच्या जरासं वर चेंडू लावायचा. माझा जरासा खाली लागत होता. टण्ण! पॉइंट काकांना.

गॅलरीत हळदीचे एक व्यापारी बसले होते. नातू पोहायला गेलेला, हातात भडंगाचा पुडा. दर 'टण्ण'ला वरून "वाऽऽ!"

खेळ संपला तसे ते खालीच आले. "लई भारी! अकराला गेम म्हणत्यात न्हवं? तुमचे अकरा तर मगाशीच झाले. उगं खेळवत बसला त्यांना."

"शेठ, मी हरलो."

"असू दे ओ. वडीलधाऱ्यांचा मान राखताय, कळतंय की. पण मी मोजत होतो. त्यांचा एकदाबी वाजला न्हाई."

"वाजला की पॉइंट जातो."

"मग पत्रा कशाला बसवलाय?"

"चेंडू खाली लागला ते कळावं म्हणून."

शेठनी भडंगातला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला. "म्हणजे चुकलं की दणदणीत आवाज, आणि बरोबर मारलं की कायच न्हाई?"

"हो."

"आन् ह्याचे तुम्ही म्हैन्याला पैसे भरता?"

भरतो. कोर्टातली एक ट्यूब बंद आहे, ती दिवाळीपासून 'उद्या' बसणार आहे. लग्नसराईत इथे खुर्च्या रचतात. 2028 ला स्क्वॉश लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पोचेल, तोवर आमची ट्यूब मिरजेपर्यंत तरी येईल का, देव जाणे. तक्रारवहीत लिहायला गेलो तर पेन नाही.

एवढ्यात शेठ काकांकडे वळले. "साहेब, हात दुखतोय का? तुमचं लागतच न्हाई कुठं."

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला, माझ्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "वय झालं हो आता."

शेठनी हळहळून त्यांच्या हातावर भडंग ठेवलं. मला काही नाही, मी जिंकलेला ना! रविवारी नातवाला घेऊन येणार आहेत. "पोरगं लई मवाळ आहे. जरा तुमच्यासारखा पत्रा वाजवायला शिकवा."

काका म्हणाले, "जरूर आणा. हा छान शिकवेल."