लांब गप्पा म्हणजे खऱ्या गप्पा नव्हेत

‘तीन तास कुणी खोटं बोलू शकत नाही’ हे लांबलचक पॉडकास्ट गप्पांवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. सरावलेला माणूस तीन तासही ठामपणे चुकीचं बोलतो. खरी कसोटी लागते ती मध्येच अडवणारा कुणी समोर असेल तेव्हा. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकन पॉडकास्ट यजमान जो रोगन आपल्या कार्यक्रमात म्हणाले, तरुणांना मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूंना येणारी सूज) धोका कोविडपेक्षा लशीमुळे जास्त. समोरच्या जॉश झेप्स या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने तिथल्या तिथे हरकत घेतली, माहिती शोधली गेली आणि रोगन यांचा दावा टिकला नाही. म्हणजे यजमानाची चूक पाहुण्याने पकडली! एरवी पाहुणा त्याच मताचा असता तर तो दावा तसाच लाखो कानांत गेला असता. आपल्याकडच्या मराठी पॉडकास्टवर आहार-आरोग्याचे ‘तज्ज्ञ’ येतात, तेव्हा त्यांचं शिक्षण आणि ते काय विकतात, एवढं तरी यजमानाने सुरुवातीलाच विचारावं.