कोआटीचा पाहुणचार

इग्वासूच्या धबधब्यांना निघालेल्या सुज्ञ प्रवाशाने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सीमेवर सुमारे पावणेतीनशे धारांनी कोसळणारे ते पाणी उद्याही कोसळणार आहे, आपल्या हातातील खिमा भरलेली एम्पनादा मात्र दोन मिनिटांत दुसऱ्याच्या पोटात असणार आहे. तेव्हा लक्ष कशाकडे द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हा दुसरा म्हणजे कोआटी. लांब, सतत वळवळणारे नाक, शेपटीवर गडद पट्टे आणि खोडाखालची माती उकरण्यासाठी निसर्गाने दिलेल्या लांब नख्या असलेला हा रॅकूनचा चुलतभाऊ मुळात पालापाचोळ्यातले किडे, कोळी आणि पडलेली फळे शोधण्यात दिवस घालवतो. इतके कष्ट त्याने का करावेत, हा प्रश्न सहृदय पर्यटकाला पडलाच पाहिजे. माद्या आणि पिल्ले टोळीने फिरतात, त्यामुळे आपण एका पिल्लाला बटाट्याचा वेफर भरवलात की त्या शिक्षणाचा लाभ साऱ्या टोळीला मिळतो. अर्जेंटिनाने १९३४ साली येथे राष्ट्रीय उद्यान केले आणि १९८४ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या वारशात आपल्या वेफर्सचा वाटा असावा, ही अपेक्षा काही गैर नाही.

खाणे नेताना ते चुरचुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच न्यावे, कारण तो आवाज कोआटी लांबूनही ओळखतो आणि उगाच कोणाला ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही. बॅगेची चेन अर्धी उघडी असावी. उद्यानातल्या छोट्या आगगाडीच्या स्थानकाजवळ एखादे टेबल पकडून बॅग पायाशी ठेवावी आणि निवांत फोन पाहत बसावे. आधी टेबलाखालून नाक वर येते, मग एक पंजा कडेवर टेकतो, आणि आपण ‘किती गोड!’ म्हणेपर्यंत कागदासकट सगळे खाली गेलेले असते. माथेरानच्या माकडांचा अनुभव गाठीशी असलेल्यांना वाटते की काठी आपटली की झाले. अवश्य आपटून पाहावी. झाडाच्या बाजूला पळालेला कोआटी घोटे मागे वळवून डोके खाली करून त्याच खोडावरून उतरू शकतो, त्यामुळे आपल्याला पुन्हा भेटायला त्याला फारसा वेळ लागत नाही. वरच्या फांद्यांवर कापुचिन माकडेही असतात. त्यांचा स्वतंत्र विचार करण्याची गरज नाही, ती स्वतःच आपला विचार करतात.

प्राण्यांना खाऊ घालू नका, असे सांगणाऱ्या पाट्यांवर चावलेल्या, रक्ताळलेल्या हाताचे छायाचित्र दिसते. त्या पाटीशेजारी उभे राहून कोआटीला बिस्किट देतानाचा फोटो फार छान येतो. पाटी चौकटीत पूर्ण यावी, म्हणजे पुढे डॉक्टरांना फार समजावत बसावे लागत नाही. नख किंवा दात लागलाच, तर साबणाने जखम धुणे, रेबीजच्या लशीची चौकशी करणे ही भित्र्यांची कामे तूर्त बाजूला ठेवून आधी व्हिडिओ चढवावा. रक्त सुकल्यावर दृश्यातली मजा जाते.

सर्वांत महत्त्वाचे काम शेवटी. हॉटेलवर परतल्यावर उद्यानाला एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहावा: प्राणी फार धीट झाले आहेत, माणसांना अजिबात घाबरत नाहीत, प्रशासन झोपा काढते काय? पिल्लाला भरवलेल्या वेफरचा उल्लेख त्यात नसावा. तो प्रसंग खाजगी होता.