ओसाड बेट आणि त्याचं दप्तर : काकांच्या कमेंटला उत्तर

काका, नमस्कार. पॅसिफिक महासागरातल्या, फ्रान्सच्या मालकीच्या निर्मनुष्य क्लिपर्टन बेटावर मी पोस्ट लिहिली होती, तिच्याखालची तुमची लांबलचक कमेंट दोनदा वाचली. उत्तर तिथं चार ओळींत मावणार नाही म्हणून इथं वेगळं लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, काका महसूल खात्यातनं रिटायर झालेत, आधी खानापूर, मग कारवार अशी नोकरी झालीय, आणि त्यांचं म्हणणं असं की "जिथं माणूस नाही, खातेदार नाही, पीकपाणी नाही तिथं कारभार कसला आणि दप्तर कसलं? तो खडक कुणाचा का असेना, कुणाचं काय बिघडतंय? इथं सीमाभागात माणसांचे प्रश्न पडलेत आणि तुम्ही फ्रान्सच्या दगडावर लिहीत बसलाय."

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, खरं या दोन्ही मुद्द्यांवर मला तुमच्याशी वाद घालायचाय.

आधी दप्तराचं बघू. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला कोरल सी आयलंड्स नावाचा प्रदेश आहे, 1969 साली त्याच्यासाठी खास कायदा केला. समुद्र धरून पसारा साधारण 7 लाख 80 हजार चौरस किलोमीटर आणि त्यात पाण्याच्या वर असलेली जमीन म्हणाल तर वाळूचे पट्टे आणि चिमुकली बेटं, सगळी मिळून एखाद्या बारक्या गावाच्या शिवाराएवढी. विलिस बेटावर 1921 पासून हवामान केंद्र, तिथं चार माणसांची ड्यूटी, बाकी सगळे पक्षी आणि कासवं. तरीपण तिथं कायदा चालतो तो कॅनबेराच्या राजधानी प्रदेशाचा, आणि खटला झालाच तर अधिकार ऑस्ट्रेलियाच्याच नॉरफोक बेटाच्या कोर्टाला. पश्चिमेकडच्या अॅशमोर आणि कार्टियर बेटांचं तर वेगळंच, तिथं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांताचा कायदा लागू, आणि इंडोनेशियाच्या रोटे बेटावरचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथं येत आलेत म्हणून 1974 मध्ये दोन्ही सरकारांनी लेखी समझोता केला, की पारंपरिक शिडाच्या होडीनं येणाऱ्यांना मासेमारी करता येईल. खातेदार एकही नाही, खरं वहिवाट मान्य झाली की नाही? तुमच्याच खात्याची भाषा आहे ही.

आता "कुणाचं काय बिघडतंय" याचं उत्तर पाण्यात आहे. 1982 च्या समुद्री कायद्याच्या करारानं किनाऱ्यापासून 200 सागरी मैल, म्हणजे साधारण 370 किलोमीटरपर्यंतच्या मासळीवर आणि तळाच्या खनिजांवर त्या देशाचा हक्क मान्य केला. क्लिपर्टन एकटंच पडलेलं बेट, आजूबाजूला कुणी नाही, त्यामुळं त्याच्याभोवती जवळजवळ पूर्ण वर्तुळ निघतं, 4 लाख 30 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आख्खा महाराष्ट्र 3 लाख 8 हजारच्या आत आहे, काका! त्या पाण्यात ट्यूना मासा, आणि मेक्सिकोच्या बोटींना तिथं मासे धरायचे तर फ्रान्सची परवानगी लागते, 2007 साली तसा दोघांत करार झाला. त्याच समुद्री कायद्याच्या कलम 121 मध्ये असंही लिहिलंय की ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचा आर्थिक व्यवहार टिकू शकत नाही त्याला हा 200 मैलांचा हक्क नाही. 2016 मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या खटल्यात लवादानं हे कलम इतकं कडक लावलं की गोडं पाणी आणि धावपट्टी असलेलं इतू आबा बेटसुद्धा खडकातच धरलं. चीननं तो निकाल मानला नाही, आणि फ्रान्सही क्लिपर्टनभोवतीच्या 200 मैलांवरचा दावा सोडत नाही.

आणि ओसाड ओसाड म्हणतो, त्यातही किती प्रकार आहेत बघा की. पॅसिफिकमधली हाउलँड, बेकर, जार्विस ही अमेरिकेची बेटं विषुववृत्ताच्या कोरड्या पट्ट्यात येतात, पाऊसच नाही, गोडं पाणी नाही, 1935 पासून हवाईची तरुण पोरं तिथं हक्क दाखवायला ठेवली होती, डिसेंबर 1941 मध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात हाउलँडवरचे दोघं गेले आणि मग ती रिकामीच. तिथनं थोडं उत्तरेला पाल्मायरा आहे, तिथं वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आपल्या धो धो पावसाच्या कणकुंबीच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल, नारळ आहेत, झाडी आहे, तरी कायमची वस्ती नाही. सगळ्यात वाईट तिसरा प्रकार, माणसं होती आणि त्यांना हलवून बेट ओसाड केलं.

त्याआधी क्लिपर्टनची एक गोष्ट राहिली होती ती सांगतो. फ्रान्सचा दावा 1858 चा, एका फ्रेंच अधिकाऱ्यानं जहाजावरनं जाहीर केला आणि तो होनोलुलूच्या पेपरात छापून आणला, बस्स. मेक्सिकोनं मात्र 1906 पासून तिथं प्रत्यक्ष सैनिक ठेवले, बायकामुलांसह. मग मेक्सिकोत क्रांती पेटली, आकापुल्कोहून रसद घेऊन येणारं जहाज यायचं थांबलं, आणि शंभरेक माणसं मासे, पक्षी, अंडी आणि मोजक्या नारळांवर जगायला लागली. ताजी फळं-भाजी न मिळाल्यानं होणाऱ्या स्कर्व्ही रोगानं एकेक गेला. 1915 मध्ये लांबवर जहाज दिसलं म्हणून त्या सैनिकांचा कॅप्टन रामोन आर्नो होडी घेऊन निघाला तो समुद्रात बुडाला. शेवटी उरला एकच पुरुष, दीपगृहाचा दिवाबत्तीवाला, त्यानं स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि बायकांचे हाल हाल केले. जुलै 1917 मध्ये त्या बायकांनी त्याला ठार मारलं आणि त्याच दिवशी अमेरिकेचं यॉर्कटाउन जहाज किनाऱ्याला लागलं. चार बायका आणि सात मुलं वाचली. या बेटाचा वाद दोन्ही देशांनी 1909 मध्ये इटलीच्या राजाकडं लवादाला दिलेला, निकाल लागला 1931 मध्ये, तब्बल 22 वर्षांनी, आणि तो फ्रान्सच्या बाजूनं! राजाचं म्हणणं असं की बेट निर्मनुष्य होतं, त्यामुळं 1858 ची ती घोषणा कब्जाला पुरेशी होती. तिथं राहिलेल्या, मेलेल्या माणसांपेक्षा पेपरातली बातमी भारी ठरली. तुम्ही विचारताय दप्तर कशाला, आणि मी म्हणतोय दप्तराशिवाय तिथं दुसरं काही चालतच नाही.

आता तो तिसरा प्रकार, ज्यासाठी मी हे सगळं लिहितो. कन्याकुमारीच्या दक्षिणेला साधारण 1,800 किलोमीटरवर चागोस द्वीपसमूह आहे, साठच्या वर बेटं, सगळ्यात मोठं डिएगो गार्सिया. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी नारळाच्या बागांसाठी तिथं गुलाम आणले, त्यांच्या पिढ्या तिथंच वाढल्या, खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, स्वतःची बोली, चर्च, कबरस्तान सगळं होतं. नोव्हेंबर 1965 मध्ये ब्रिटननं मॉरिशसला 30 लाख पौंड देऊन ही बेटं तोडून घेतली आणि नवा प्रदेश तयार केला, कारण अमेरिकेला तिथं लष्करी तळ हवा होता. अडचण एकच, तिथं लोक राहतात असं कागदावर आलं तर संयुक्त राष्ट्रांना त्यांच्या कारभाराचा अहवाल द्यावा लागणार. मग उपाय काय काढला, तर हे कायमचे रहिवासी नाहीतच, बागेवरचे कंत्राटी मजूर आहेत, असं धरून चालायचं! काका, तुम्ही कुळाच्या नोंदी केलाय, एखाद्याचं नाव रकान्यातनं गळालं की पुढं त्याच्या नातवंडांचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

1968 ते 1973 मध्ये दीड-दोन हजार माणसं हलवली. मॉरिशसला दवाखान्यासाठी म्हणून गेलेल्यांना परतीची बोट दिलीच नाही. डिएगो गार्सियावर लोकांची पाळलेली कुत्री गोळा केली, खोबरं वाळवायच्या बंद शेडमध्ये कोंडली आणि गाड्यांचा धूर आत सोडून मारली, पोरांच्या देखत. त्यानंतर माणसांना नॉर्डव्हर नावाच्या जहाजात भरलं. 1971 च्या वटहुकुमानं परवान्याशिवाय बेटावर पाय ठेवणं गुन्हा ठरवलं. 2000 साली लंडनच्या हायकोर्टानं तो बेकायदा ठरवला, 2004 मध्ये सरकारनं राणीच्या आदेशानं परत बंदी आणली, आणि 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी 3 विरुद्ध 2 अशी ती टिकवली. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की बेटं तोडणंच बेकायदा होतं. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सह्या केल्या, सार्वभौमत्व मॉरिशसला, डिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनकडं, बाकीच्या बेटांवर लोकांना वसवायची मुभा. ज्यांच्या आजी-आजोबांना जहाजात भरलं त्यांच्यातले बरेच म्हणाले की आम्हाला विचारलंच नाही, आणि मला ते फार लागलं.

सीमाभाग सोडून हे लिहितोय असं मला वाटत नाही. 1956 पासून आपण नकाशावरची रेघ, आयोगाचा अहवाल, कोर्टाची तारीख यातच वाढलोय, त्यामुळं कुठल्याही जागेचा कागद कोण आणि कुणाला न विचारता करतो हे आपल्या माणसाला पटकन समजतं. खानापूरकडच्या भीमगडच्या जंगलातल्या गावांच्या स्थलांतराबद्दल बोलायचं तर चागोस वाचलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. आणि सीमाभागावर मी लिहिणारच आहे, थांबलेलो नाही.

शेवटचं म्हणजे तुमच्या कारवारचं. अंजदीव बेट कारवारच्या समोर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, खरं ते गोव्याचं, कारण पोर्तुगीजांकडं होतं. 1961 च्या डिसेंबरात ते घेताना आपल्या नौदलाचे सात जण गेले. आज ते नौदलाच्या ताब्यात आहे आणि पूर्वी तिथल्या चर्चच्या फेस्ताला जाणाऱ्या भाविकांना तिथं मोकळेपणानं जाता येत नाही. एका राज्याचं बेट, दुसऱ्या राज्याचा किनारा आणि ताबा नौदलाचा, असं असताना कारवारच्या कचेरीत बसून पत्रव्यवहार कसा चालायचा, कुणाची फाइल कुणाकडं जायची, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. ते सविस्तर लिहून पाठवा, तुमच्या परवानगीनं पुढची पोस्ट त्याचीच करू.